स्टँडअप आणि स्टेटस मीटिंग: बाबांनो, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत

स्टेटस मीटिंग काय असते हे आयटीवाल्यांना सांगायला नको. आठवड्यातून एकदा मॅनेजरला नाहीतर क्लायंटला सांगायचं की काम कुठवर आलंय, काय लटकलंय, तारीख गाठणार की नाही, मग एमओएम (मीटिंगचा वृत्तांत) फिरवायचे, झालं. तिची गरज असतेच. माझा राग आहे तो तीच मीटिंग रोज सकाळी घेऊन तिला स्टँडअप, म्हणजे टीमची आपसातली रोजची छोटी मीटिंग, म्हणण्यावर.

स्टँडअपच्या वेळेचं सगळ्यांना पाठ असतं, १५ मिनिटं. उभं राहायचं की बसायचं हा तर फालतू वाद आहे, स्क्रम गाइडमध्ये (स्क्रम ही टीमने काम करायची पद्धत, तिचं हे अधिकृत पुस्तक) उभं राहण्याचा उल्लेखसुद्धा नाही, आणि अर्धी टीम घरून जॉइन होते तिथे कोण बघणार आहे?

खरी गोची आहे ती आपण बोलतोय कोणाशी यात. स्टेटसमध्ये वरच्याला माहिती द्यायची असते, स्टँडअपमध्ये टीमने आपसात आजचं काम ठरवायचं असतं. गाइड सरळ सांगतं की ही १५ मिनिटं डेव्हलपर्सची, स्प्रिंट गोलकडे, म्हणजे या काही आठवड्यांच्या टप्प्यात ठरवलेल्या उद्दिष्टाकडे, चाललोय का ते बघा आणि गरज असेल तर प्लॅन बदला. आपल्याकडे काय होतं, एकजण मॅनेजरला उद्देशून म्हणतो "काल पेमेंटच्या एपीआयवर (दोन सॉफ्टवेअर जोडणारा कोड) होतो, आज पण तेच, नो ब्लॉकर्स", म्हणजे काही अडलेलं नाही, आणि म्यूट. तो एपीआय स्टेजिंगवर, म्हणजे चाचणीच्या सर्व्हरवर, कधी येतो याची वाट बघत टेस्टर बसलेली असते, पण तिचा नंबर आला की तीही नो ब्लॉकर्सच म्हणते, कारण साहेबांसमोर कोणाचं नाव कशाला घ्या. अरे, इथेच तर स्टँडअप व्हायला हवा होता! "दुपारपर्यंत येणार नसेल तर मी आधी रिफंडच्या केसेस उरकते, पण एपीआयचा कोड रिव्ह्यू कोणीतरी आत्ता घ्या" एवढं बोलणं झालं असतं तर तिचा अर्धा दिवस वाचला असता.

तुमच्याकडे काय चालतं ते बघायचंय? मॅनेजर रजेवर गेला की मीटिंग कॅन्सल होते का बघा. होत असेल तर ती स्टेटस मीटिंगच, कॅलेंडरवर नाव काहीही असू दे.

आणि ते काल काय केलं, आज काय करणार, अडचण काय, हे तीन प्रश्न २०२० च्या गाइडमधून काढलेत तरी लोक अजून पाढे म्हटल्यासारखे म्हणतात. त्यापेक्षा कामांचा बोर्ड उघडा आणि उजवीकडून, म्हणजे संपत आलेल्या तिकिटांपासून (एक तिकीट म्हणजे एक काम) सुरू करा, माणसांच्या नंबरानुसार नको. आणि "हे ऑफलाइन घेऊ", म्हणजे मीटिंगनंतर बोलू, असं म्हणून लगेच स्क्रीन शेअर करणाऱ्याला तिथल्या तिथे थांबवा.

मॅनेजरला माहिती हवी असते, कबूल, पण ती जिरावर, म्हणजे ही तिकिटं ठेवायच्या सॉफ्टवेअरवर, असते, टीमने तिकिटं रोज हलवली की झालं. तरी यायचंच असेल तर येऊ दे, माइक बंद ठेवून ऐकायचं आणि "त्या दुसऱ्या तिकिटाचं काय झालं" हे शुक्रवारच्या स्टेटस मीटिंगला विचारायचं.