पाट लावला, पण घर कोणाचं?

लग्नाच्या विधीशिवाय संसार मांडणं खानदेशाला नवं नाही. रावेर-यावलच्या केळीबागांपासून शहाद्याच्या ऊसपट्ट्यापर्यंत पाट लावून, म्हणजे पूर्ण विधींशिवाय साधं पुनर्लग्न करून, नाहीतर नुसतंच 'घरात घेऊन' कित्येक घरं उभी राहिली. विधवा, टाकलेली, फारकत घेतलेली बाई पुन्हा उभी राहायची ती याच वाटेनं. संसार मोडला तर पंच बसायचे, काडीमोड व्हायचा, बाई आपली भांडी नि दागिने घेऊन निघायची. जमिनीत तिचा वाटा कोण काढणार!

इंग्रजी अमलात हा प्रश्न कोर्टात गेला. १८५६च्या विधवा पुनर्विवाह कायद्यात कलम २ होतं: पुन्हा लग्न केलं की पहिल्या नवऱ्याच्या मिळकतीवरचा हक्क संपला. ज्या जातींत पाटाची चाल आधीपासूनच होती, त्यांना हे कलम लागू नाही, असं अलाहाबाद उच्च न्यायालय मानत होतं. मुंबईनं उलट धरलं, आणि खानदेश मुंबई इलाख्यात. मागच्या घरचं गेलं, पुढच्या घरी नाव लागेलच असं नाही, अशी बाईची गत झाली.

पुढे १९४६चा मुंबई प्रांताचा द्विभार्या प्रतिबंधक कायदा आणि १९५५चा हिंदू विवाह कायदा आला. एकपत्नीत्व हवंच होतं. पण पहिली बायको असताना लावलेला पाट त्यामुळे शून्य ठरला. १९६५ साली महाराष्ट्रातल्याच एका गंधर्व विवाहाच्या खटल्यात होम नि सप्तपदी सिद्ध झाली नाही, म्हणून सर्वोच्च न्यायालयानं ते दुसरं लग्न कायद्याला धरून झालंच नाही असं ठरवलं. पुरुष दुसऱ्या लग्नाच्या गुन्ह्यातून सुटला. लग्नच नाही म्हटल्यावर बायकोचा हक्क तरी कुठून येणार? १९८८ साली अशा दुसऱ्या बायकोची पोटगीही न्यायालयानं नाकारली.

सातपुड्यातल्या भिल्ल-पावरा आदिवासींना मात्र हिंदू विवाह कायदा लागू नाही, तिथं रूढी चालते.

दार किलकिलं झालं ते २००५च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यानं. त्यानं 'विवाहसदृश संबंध' मानले; राहत्या घरातून हाकलण्याविरुद्ध आदेश, खर्च, स्त्रीधन परत मिळण्याची सोय केली. २०१० साली सर्वोच्च न्यायालयानं अटी घातल्या: दोघं लग्नाला मोकळे हवेत, समाजात जोडपं म्हणून वावरलेले हवेत. २०१३ साली पहिलं लग्न लपवून फसवलेल्या बाईला पोटगी मिळाली, तीही महाराष्ट्रातल्याच प्रकरणात. २०२३ साली अवैध लग्नातल्या मुलांना आईबापाच्या हिश्शात वाटा मिळाला. मुलांना मिळाला, आईला नाही. ही गोष्ट मला फार सलते.

जळगावात एका बाईंनी माझ्यासमोर पत्र्याचा डबा उघडला. विटांची पावती, बचत गटाचं पासबुक, सिमेंटची बिलं, सगळं त्यांच्या नावे. घरपट्टी मात्र ज्याच्यासोबत राहिल्या त्याच्या नावे. चौदा वर्षांचा संसार. दुसऱ्याच्या नावावर घेतलेली मिळकत खरी माझी, हा दावा १९८८चा बेनामी कायदा अडवतो. त्यातली सूट पती-पत्नीला आहे, सोबत राहिलेल्यांना नाही. दिलेले पैसे उसने होते म्हणून वसुलीचा दिवाणी दावा करता येतो, पण मुदत साधारण ३ वर्षांची. बाईंनी आधी राहत्या घराच्या हक्कासाठी अर्ज केला. विटांची पावती सगळ्यात वर जोडली आहे.