पेंडी अजून जिवंत आहे

संध्याकाळी पाचच्या सुमाराला कोल्हापूरच्या कपिलतीर्थ मंडईत मेथी घ्यायला गेलो, तर मावशी पेंड्यांवर पाणी मारत होत्या. डब्यात हात बुडवायचा, झटकायचा आणि वर ओलं गोणपाट टाकायचं. मी उगाच शहाणपणा केला, ‘‘मावशी, वजन वाढवताय होय?’’ त्यांनी मानही वर केली नाही. ‘‘पेंडीवर इकतो आम्ही, तागडीवर न्हवं. पाणी मारलं न्हाई तर तुमीच म्हणणार, शिळी हाय.’’

बिनतोड. (गवारीवर कुणी पाणी मारत असेल तर मात्र विचारायला हरकत नाही.)

मेथी उपटली म्हणून लगेच मरत नाही. पानांतल्या पेशींचा श्वास चालूच असतो. साठवलेली साखर ऑक्सिजन घेऊन जाळायची आणि कार्बन डायऑक्साइड, पाणी, उष्णता बाहेर टाकायची. शिवाय पानांवरच्या बारीक छिद्रांतून, म्हणजे पर्णरंध्रांतून, वाफ निसटत राहते. शेतात ही तूट मुळं भरून काढतात. मंडईत मुळं असतात, पण ती हवेत लोंबत असतात.

पालेभाजीच्या वजनात जवळजवळ ९० टक्के पाणीच. पान ताठ उभं राहतं ते पेशींत भरलेल्या या पाण्याच्या दाबामुळं, सायकलची ट्यूब हवेनं टणक राहते तसं. वजनाच्या नुसत्या ३ ते ५ टक्के पाणी उडालं, तरी पेंडी मान टाकते. ओल्या गोणपाटाखाली हवा दमट राहते, त्यामुळं पानांतून वाफ कमी जाते. गोणपाटातलं पाणी उडताना उष्णता घेऊन जातं, म्हणून खाली गारवाही राहतो. माठाचं तत्त्व तेच.

गारव्याला एवढं महत्त्व का? तापमान १० अंशांनी वाढलं, की भाजीचा श्वास साधारण दुप्पट ते तिप्पट होतो. उन्हाळ्यातल्या दुपारी मंडईत ३५ अंश आणि फ्रिजमध्ये ५ अंश धरले, तर फरक ३० अंशांचा. दुपटीनंच हिशेब केला तरी मंडईतली मेथी आठपट वेगानं आयुष्य संपवत असते. सगळ्यांची चाल सारखी नसते. कांदा-बटाटा निवांत झोपलेले. मटार, भेंडी, कोथिंबीर मात्र धापा टाकणारे. मटारच्या भरलेल्या गोणीत खोल हात घाला, आत ऊब लागते. ती या श्वासाची. त्यातच शेंगेतली गोडी जळते, काही साखरेचा स्टार्च होतो, आणि दोन दिवसांचा मटार पिठूळ लागतो.

हे झालं लवकर संपू नये म्हणून. आंब्याच्या बाबतीत आपण उलटं करतो, त्याला घाई करायला लावतो. भाताच्या पिंजरात आढी घालायची आमच्या आजीची पद्धत होती. रोज आढी चाळायची आणि पिकलेला वेगळा काढायचा. पिंजरात ऊब राहते हे खरं, पण आढीतली मुख्य करामत इथिलीन नावाच्या वायूची. १९०१ मध्ये सेंट पीटर्सबर्गच्या दिमित्री नेल्युबोव्ह यांनी दाखवलं, की प्रयोगशाळेतली वाटाण्याची रोपं वाकडी वाढतात ती दिव्यांच्या गॅसमधल्या इथिलीनमुळं. हा वायू फळं स्वतःच तयार करतात, हे रिचर्ड गेन यांनी सफरचंदांवर सिद्ध केलं १९३४ मध्ये. एक आंबा पिकायला लागला की इथिलीन सोडतो, त्यानं शेजारचा जागा होतो, तो आणखी सोडतो. आढी एकदम लागते ती अशी.

आंबा, केळं, चिकू, सीताफळ, टोमॅटो हे सगळे या घराण्यातले, तोडल्यावरही पिकणारे. द्राक्षं, डाळिंब, संत्री यांतली नव्हेत. आंबट द्राक्षांचा घड आठवडाभर ठेवला तरी गोड होणार नाही, फक्त सुकेल. तेव्हा चाखूनच घ्यावीत.

कॅल्शियम कार्बाइडची पुडी ओलाव्यानं ॲसिटिलीन सोडते. तो इथिलीनची कच्ची नक्कल करतो. कार्बाइडबरोबर आर्सेनिक आणि फॉस्फरसचे अंश येतात, म्हणून फळं पिकवायला त्याचा वापर आपल्याकडं बेकायदा आहे. पिकवणगृहात खरा इथिलीन वायू, दहा लाख भाग हवेत १०० भागांपर्यंत, वापरायला २०१६ पासून परवानगी आहे. तरीही कोवळा तोडलेला हापूस कशानंही पिकवा, रंग येईल, चव येणार नाही. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार?

आणि गारवा चांगला म्हणून सगळंच फ्रिजमध्ये कोंबू नये. केळं मूळ उष्ण प्रदेशातलं, १३ अंशांखाली त्याच्या पेशींना इजा होते आणि साल काळी पडते. टोमॅटो दिसायला टवटवीत राहतो, पण वास देणारी द्रव्यं तयार व्हायची थांबतात. पालेभाजी फ्रिजमध्येच ठेवावी, पण गच्च बांधलेल्या प्लास्टिकमध्ये नको. आत घाम धरतो आणि पानं कुजतात. सुती फडकं बरं.

साडेसातला मंडईतून परत येताना मावशींनीच हाक मारली. ‘‘ऱ्हायलेल्या चार पेंड्या हाईत, वीसला न्या की.’’ नेल्या. तीन पेंड्यांची मुळं रात्रभर पाण्यात बुडवून ठेवली, सकाळी पानं पुन्हा ताठ. चौथी पिशवीतच राहिली, पिकल्या केळ्यांच्या फणीखाली, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाहेर काढली तेव्हा निम्मी पिवळी पडली होती. केळ्यांचं इथिलीन पानातल्या हरितद्रव्याच्या मुळावर येतं. एवढं सगळं लिहिणाऱ्यानं पिशवी रिकामी करायला विसरावं, यावर बायको काय म्हणाली ते विज्ञानात बसत नाही.