तुमचा पासवर्ड सॉफ्टवेअर कंपनीकडे नसतो, तर मग असतं काय?

सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीतल्या फाउंड्रीवाल्यांकडे (धातू ओतून भाग बनवणाऱ्यांकडे) ऑनलाइन प्रोजेक्ट मॅनेजमेंट सॉफ्टवेअरचा विषय काढला की एक वाक्य हमखास कानावर येतं. "आमची ड्रॉइंगं तिकडं ठेवायची, आणि पासवर्ड त्या कंपनीच्या पोरांच्या हातात?" काळजी रास्त आहे, समज मात्र चुकीचा आहे. नीट बांधलेल्या सॉफ्टवेअरमध्ये तुमचा पासवर्ड साठवलेलाच नसतो.

आधी या सॉफ्टवेअरचा उपयोग. कास्टिंगच्या एका ऑर्डरीत पॅटर्न, कोअर, मोल्डिंग, ओतकाम, फेटलिंग, मशिनिंग, तपासणी एवढे टप्पे येतात. ट्रेलो, आसना, झोहो प्रोजेक्ट्स यांत प्रत्येक टप्प्याला माणूस आणि तारीख जोडता येते. काम कुठं अडलंय ते फोन न फिरवता कळतं. पण माझ्या मते खरा फायदा ड्रॉइंगच्या रिव्हिजनचा. गिऱ्हाईक बोअर (भागातलं गोल भोक) ४२ मिलिमीटरचा ४० करतं, नवं ड्रॉइंग व्हॉट्सअ‍ॅपवर येऊन शुभ सकाळच्या ढिगात गाडलं जातं, आणि मशीनशेजारी जुनाच कागद चिकटवलेला राहतो. मोठा झालेला बोअर लहान होत नाही, सगळा लॉट भंगारात. कामाच्या कार्डावर एकच ताजं ड्रॉइंग असेल तर हे टळतं.

आता पासवर्डाकडे. तुम्ही तो टाकता तेव्हा सर्व्हर त्यावर एक गणित करतो आणि फक्त उत्तर जपून ठेवतो. या उत्तराला हॅश म्हणतात. पुढच्या वेळी तेच गणित पुन्हा होतं आणि दोन उत्तरं ताडून पाहिली जातात. हळदीची पूड दळली की तिचं पुन्हा हळकुंड होत नाही, तसं हे गणित उलटं फिरत नाही.

का फिरत नाही, ते करूनच बघा. समजा पासवर्ड आहे सांगलीचा पिनकोड, ४१६४१६. त्याचा वर्ग करा, ९९७ ने भागा, बाकी उरते २२७. आता ४१६४१७ घ्या: बाकी ५६५. आकडा एकाने बदलला आणि उत्तर कुठल्या कुठं गेलं. शिवाय नुसत्या २२७ वरून मूळ आकडा सांगता येत नाही, कारण दहा लाख सहा-अंकी आकड्यांपैकी सुमारे २,००० आकड्यांची बाकी २२७ च येते. आपल्या खेळातल्या गणिताचा दोषही हाच, त्या २,००० पैकी कुठल्याही आकड्याने कुलूप उघडेल. एसएचए-२५६ सारख्या खऱ्या पद्धतीत मिश्रणाच्या ६४ फेऱ्या होतात आणि उत्तर २५६ बिटांचं (० किंवा १ अशा २५६ खुणांचं) असतं. म्हणजे शक्य उत्तरांची संख्याच ७८ अंकी.

पण चोर गणित उलटं फिरवत बसतच नाही. तो अंदाज घेतो, हॅश काढतो, चोरलेल्या यादीशी ताडतो. दहा लाख आकडे संगणकाला क्षणाचं काम. त्यातून कारखान्यातल्या पाच जणांनी ४१६४१६ ठेवला असेल, तर पाचांचाही हॅश एकच. एक फुटला की सगळे फुटले. यावरचा उपाय रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्प्सन यांनी १९७९ मध्ये युनिक्स या संगणक-प्रणालीच्या संदर्भात मांडला. प्रत्येक खात्याच्या पासवर्डात गणिताआधी एक वेगळा, यादृच्छिक आकडा मिसळायचा. हा 'सॉल्ट'. आपल्या खेळात एकाला ५८ आणि दुसऱ्याला ९१ मिळवून बघा: बाकी २०६ आणि २९२. पासवर्ड एकच, नोंदी निराळ्या. सॉल्ट लपवावाही लागत नाही. चोराला प्रत्येक खात्यासाठी सगळे अंदाज नव्याने दळावे लागतात, एवढंच त्याचं काम.

लिंक्डइनने हे केलं नव्हतं. २०१२ मध्ये सॉल्ट नसलेले सुमारे ६५ लाख हॅश बाहेर आले आणि पटापट फुटले.

त्यापुढची पायरी मला सर्वांत आवडते: गणित मुद्दाम संथ करणं. १९९९ मध्ये आलेल्या बीक्रिप्ट या हॅश पद्धतीत फेऱ्या वाढवता येतात. एका तपासणीला पाव सेकंद लागला तर तुम्हाला जाणवतही नाही, पण एका वेळी एकच अंदाज तपासणाऱ्या चोराला दहा लाख अंदाजांना जवळपास तीन दिवस लागतात, तेही एका खात्यासाठी. अर्थात पिनकोड तो पहिल्या काही अंदाजांतच लावणार. अंकशास्त्रानुसार जन्मतारखेवरून काढलेला 'शुभ' पासवर्ड तर त्याचं काम आणखी सोपं करतो. त्यापेक्षा एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच शब्द निवडा आणि दुहेरी पडताळणी (पासवर्डानंतर मोबाइलवरचा कोडही मागणारी) चालू ठेवा.

सॉफ्टवेअर घेण्यापूर्वी एक चाचणी जरूर करा. 'पासवर्ड विसरलो' वर टिचकी मारा. मेलमध्ये तुमचा जुना पासवर्ड जसाच्या तसा आला, तर त्या कंपनीकडे तो वाचता येईल असा ठेवलेला आहे. तिथं काही ठेवू नका. 'लष्करी दर्जाचं एन्क्रिप्शन' या जाहिरातीला भुलू नका. बहुतेक वेळा ती माहिती कुलूपबंद करण्याची एईएस पद्धत असते, २००१ पासून जगाला खुली असलेली.

आणि ड्रॉइंगं बाहेर जायला पासवर्डच फुटावा लागतो असं नाही. २०१८ मध्ये संयुक्त राष्ट्रांचे काही पासवर्ड आणि कागदपत्रं उघडी पडली, कारण ट्रेलोचे बोर्ड 'पब्लिक' ठेवलेले होते. तुमचा बोर्ड खासगी आहे का ते आजच बघा, नोकरी सोडून गेलेल्या माणसाचं खातं बंद करा. एप्रिल २०२२ मध्ये ट्रेलोची मालक असलेल्या अ‍ॅटलासियन कंपनीच्या एका चुकीच्या स्क्रिप्टमुळे सुमारे ७७५ ग्राहकांची कामं बंद पडली होती, काहींची दोन आठवड्यांपर्यंत. तिथं हॅकर नव्हता. म्हणून दर महिन्याला सगळं एक्सपोर्ट करून एक प्रत आपल्या हार्ड डिस्कवर ठेवा.