चौरस फुटाचा दर आणि चार महिन्यांचा पाऊस : कोकणातल्या नव्या फ्लॅटांची पार्श्वभूमी

रत्नागिरी घ्या, चिपळूण घ्या, नाहीतर कुडाळ. नव्या इमारतीतला सॅम्पल फ्लॅट बघायला गर्दी होते ती मे महिन्यात. चाकरमानी सुट्टीवर आलेला असतो, भिंती ठणठणीत कोरड्या असतात, रंगाचा वास अजून गेलेला नसतो. बिल्डर चौरस फुटाचा दर सांगतो, घासाघीस होते आणि टोकन दिलं जातं. ज्या मुलखात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तिथे घराची पारख कोरड्या महिन्यात करायची, ही रीत फार जुनी नाही.

जुनं घर कुणी दराने मोजत नसे. जांभा खाणीतून निघताना मऊ असतो, वारा लागला की टणक होतो. त्यामुळे चिरा कुठल्या खाणीचा, किती दिवस उघड्यावर राहिला, हे घरमालकाला माहीत असे. जोतं उंच, भिंती जाड, छप्पर उतरतं आणि पुढे-मागे पडवी. १८६५ मध्ये बासेल मिशन या ख्रिस्ती धर्मप्रचारक संस्थेने मंगळूरला कौलांचा कारखाना काढला आणि ती चपटी कौलं पुढे सगळ्या किनाऱ्यावर पसरली. तरी पावसाआधीची शाकारणी चुकली नाही. कौलं उतरवायची, फुटकी बदलायची, वारा लागतो त्या बाजूला माडाची झापं बांधायची. घराला दरवर्षी हात लागायचा, म्हणून कुठे मुरतंय ते दरवर्षी कळायचं. गवंडी आणि सुतार गावातलेच, आणि मालक कामावर उभा. घराचा दर्जा ठरवायला वेगळी विद्या लागत नव्हती.

मग स्लॅब आला. मुंबईच्या पैशावर बांधलेलं स्लॅबचं घर म्हणजे प्रतिष्ठा, असा तो काळ होता. तेव्हा सिमेंटही सहज मिळत नसे, परमिट लागे. १९८२ मध्ये सिमेंटवरचं नियंत्रण अंशतः उठलं आणि १ मार्च १९८९ ला पूर्ण उठलं. त्यानंतर बांधकामाला वेग आला. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली. स्टेशनच्या रस्त्याला, एसटी स्टँडच्या आसपास तीन-चार मजली इमारती उभ्या राहिल्या. नकाशे मात्र घाटावरचे किंवा मुंबईचे : सपाट गच्ची, वीतभर छज्जे, पश्चिमेला उघड्या बाल्कन्या. कोकणातल्या कुठल्याही दहा वर्षांच्या इमारतीकडे मान वर करून बघा, गच्चीवर पत्र्याची शेड दिसेल. गळती लागल्यावर रहिवाशांनी वर्गणी काढून ती घातलेली असते. म्हणजे उतरतं छप्पर शेवटी परत आलंच, फक्त त्याचा खर्च फ्लॅटच्या किमतीत कुणी धरला नव्हता.

वाळूची गोष्ट याहून गंभीर आहे. किनाऱ्यावर हाताशी असते ती खाडीची वाळू. ती नीट धुतली नाही तर तिच्यातलं मीठ काँक्रीटमध्ये जातं आणि आतली सळई गंजू लागते. गंज मूळ लोखंडापेक्षा दोन ते सहा पट जागा घेतो, त्यामुळे आतूनच काँक्रीट फुटतं. आम्ही राहतो त्या इमारतीत तिसऱ्या मजल्याचा छज्जा असाच सुटला. खाली पडलेला तुकडा मी उचलून पाहिला : आतल्या बाजूला सळईचा ठसा, तांबडा, आणि बोट लावलं की पापुद्रे सुटत होते. त्या ठशापासून बाहेरच्या कडेपर्यंत माझं करंगळीचं पेर जेमतेम मावलं. बाहेरून त्याच छज्ज्याला दोनदा रंग दिलेला होता.

या अंतरालाच साइटवर कव्हर म्हणतात. सळई आणि बाहेरची हवा यांच्यामध्ये काँक्रीटची जी जाडी असते ती. १९७८ च्या आयएस ४५६ या मानकात प्रबलित, म्हणजे सळई घातलेल्या, काँक्रीटसाठी एम-१५ प्रत चालत असे (एम पुढचा आकडा मोठा तितकं काँक्रीट मजबूत). २००० च्या सुधारणेत ते बदललं आणि किनारी हवेत उघड्या राहणाऱ्या काँक्रीटला ‘तीव्र’ वर्गात टाकलं. तिथे किमान एम-३० आणि ४५ मिलिमीटर कव्हर लागतं. माझ्या दृष्टीने कोकणात फ्लॅट घेणाऱ्याने विचारायचा पहिला प्रश्न हाच : काँक्रीट कोणत्या प्रतीचं आणि कव्हर किती? मॉड्युलर किचन नंतर बघावं. दुसरा प्रश्न पाण्याचा. पावसाच्या आत स्लॅब पडावा म्हणून घाई होते ती एप्रिल-मेमध्ये, आणि नेमक्या त्याच महिन्यांत विहिरी आटतात, टँकर सुरू होतात. स्लॅबला साध्या सिमेंटला निदान ७ दिवस आणि राखमिश्रित सिमेंटला त्याहून जास्त दिवस पाणी मारायला हवं. टँकरच्या दिवसांत ते किती मारलं गेलं, ते साइटवर रोज जाणाऱ्यालाच ठाऊक.

किमतीचा इतिहास वेगळ्या वाटेने गेला. सदनिकांच्या मालकीचा महाराष्ट्राचा कायदा १९६३ चा. पुढे बाजारात सुपर बिल्टअप रूढ झाला. जिना, लिफ्ट, पार्किंगची वाट, सगळं फ्लॅटच्या क्षेत्रफळात मिसळून दर लावायचा. चाळीस टक्के लोडिंग, म्हणजे प्रत्यक्ष जागेवर चढवलेली वाढ, धरलं तर १,००० फुटांच्या फ्लॅटमध्ये पायाखाली येतात सुमारे ७१४ फूट. रेडी रेकनरचा दर हा सरकारने मुद्रांक शुल्कासाठी काढलेला असतो. तो जागा बघतो, वाळू बघत नाही. तरीही ‘रेकनरपेक्षा थोडाच वर’ हे वाक्य दर्जाची खात्री दिल्यासारखं ऐकवलं जातं.

१ मे २०१७ पासून महारेराचं, म्हणजे गृहप्रकल्पांवर लक्ष ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाचं, काम सुरू झालं आणि बऱ्याच गोष्टी सरळ झाल्या. विक्री कार्पेट, म्हणजे घराच्या आतल्या वापराच्या, क्षेत्रफळावर आली, नोंदणीकृत कराराआधी किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येईना, आणि ताब्यानंतर ५ वर्षांपर्यंतच्या बांधकामातल्या दोषांची जबाबदारी बिल्डरवर आली. पण जमीन ५०० चौरस मीटरच्या आत असेल किंवा सदनिका आठपर्यंतच असतील तर नोंदणीची सक्ती नाही. कोकणातल्या गावांत कितीतरी इमारती एवढ्याच असतात. शिवाय सळई गंजायला लागून ते बाहेर दिसेपर्यंत पाच वर्षं सहज निघून जातात.

२४ ऑगस्ट २०२० ला महाडची तारिक गार्डन ही पाच मजली इमारत कोसळली. १६ माणसं गेली. इमारत जेमतेम दहा वर्षांची होती. जुनी इमारत धोक्याची आणि नवी सुरक्षित, हा समज त्या संध्याकाळी मोडायला हवा होता. पुढच्याच वर्षी, २२ जुलै २०२१ ला, वाशिष्ठी नदीचं पाणी चिपळुणात शिरलं. तेव्हापासून तिथे फ्लॅट बघणारा माणूस पाणी कुठवर आलं होतं ते विचारतो, आणि बाजारपेठेतला तळमजला किमतीत मार खातो. पुराची खूण भिंतीवर दिसते म्हणून ती दरात उतरली. मिठाची खूण अजून उतरलेली नाही.

माझ्या आतेभावाने यंदा मेमध्ये एक फ्लॅट पसंत केला, पण टोकन दिलं नाही. जुलैत, सलग चार दिवस पाऊस झाल्यावर, तो पुन्हा आला आणि सोबत आमच्या ओळखीचे एक म्हातारे गवंडी घेतले. त्यांनी ना फरशी बघितली, ना खिडक्या. पश्चिमेच्या बेडरूममध्ये उकिडवे बसले, खालच्या कोपऱ्यात भिंतीला पालथा हात लावला आणि बराच वेळ तसाच ठेवला. मग बाल्कनीच्या बीमखाली गेले, खिशातल्या किल्लीने तीन ठिकाणी ठोकून बघितलं. दोन ठिकाणी आवाज भरीव आला. तिसऱ्या ठिकाणी ते थांबले, परत ठोकलं, आणि आतेभावाला म्हणाले, “हितं ये. तूच ऐक.”