सोडियमचा पंप: नाव आधी, यंत्र नंतर

पेशीच्या आत पोटॅशियम जास्त आणि बाहेर सोडियम जास्त, हे शाळेत पाठ झालेलं असतं. हा फरक टिकतो कसा, याचं उत्तर बराच काळ सोपं मानलं गेलं: सोडियम पेशीभोवतीच्या पटलातून आत शिरतच नाही. किरणोत्सारी सोडियम वापरून मोजमापं झाली आणि ते शिरतं हे कळलं. होडी गळकी असून बुडत नसेल, तर आत कोणीतरी पाणी उपसत असणार. १९४१ साली स्नायूंच्या एका अभ्यासकाने या उपसणाऱ्याला 'पंप' म्हटलं. तो कोणी पाहिलेला नव्हता. १९५५ साली माकुळाच्या जाड मज्जातंतूतली ऊर्जानिर्मिती विषाने बंद पाडली, तेव्हा सोडियमचं बाहेर पडणंही जवळजवळ थांबलं. उपसायला ऊर्जा लागते एवढं त्यावरून ठरलं.

डेन्मार्कमधला एक डॉक्टर भूल देणाऱ्या औषधांचा अभ्यास करत होता. खेकड्याच्या पायातल्या मज्जातंतूंत त्याला एक विकर (एन्झाइम) सापडलं. मॅग्नेशियम असताना सोडियम आणि पोटॅशियम दोन्ही दिले की ते जोमाने एटीपी, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणारा रेणू, तोडायचं. हाच तो पंप, अशी त्याला शंका होती, तरी १९५७ च्या निबंधाच्या शीर्षकात त्याने 'पंप' हा शब्द घातला नाही. याला कोणी भित्रेपणा म्हणेल. मला तो शहाणपणा वाटतो, कारण सोळा वर्षं नुसत्या नावावर चाललेल्या गोष्टीला नावानेच सिद्ध करण्यात अर्थ नव्हता. पुढच्या वर्षी व्हिएन्नाच्या परिषदेत त्याला विचारलं गेलं, तुमचं विकर औबेनने थांबतं का? आफ्रिकेत बाणांना लावायच्या विषातलं हे द्रव्य पंप बंद पाडतं, हे माहीत होतं. तपासलं, तर विकरही थांबलं. नोबेल मिळायला १९९७ उजाडलं.

मधल्या काळात विरोधही झाला. स्नायूपेशीकडे पंप चालवण्याइतकी ऊर्जाच नाही, असा एक हिशेब १९६० च्या दशकात मांडला गेला. तो टिकला नाही.

ऊर्जा खर्चून पदार्थ पटलापार नेणं म्हणजे 'सक्रिय वहन', आणि सक्रिय वहन म्हणजे एटीपीचा थेट खर्च, ही पाठ्यपुस्तकी समजूतही १९६० साली हलली. आतड्याच्या पेशीत ग्लुकोज आत येतं ते सोडियमचा हात धरून. ऊर्जेचं बिल पंपाने सोडियम बाहेर उपसताना आधीच भरलेलं असतं. याला 'दुय्यम सक्रिय' म्हणतात, आणि त्या 'दुय्यम'मुळे विद्यार्थ्यांना ते कमी महत्त्वाचं वाटतं. १९७१ साली पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलऱ्याच्या रुग्णांना मीठ-साखरेचं पाणी पाजलं गेलं, ते याच वाटेने शरीरात शिरत होतं. आज जलसंजीवनीच्या पाकिटाचा जो प्रमाणित फॉर्म्युला आहे, त्यात सोडियम आणि ग्लुकोज दोन्ही लिटरला ७५ मिलिमोल असतात.