मुंबईचा दुसरा विमानतळ : अठ्ठावीस वर्षं अडलेली धावपट्टी

८ ऑक्टोबर २०२५ला नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन झालं आणि २५ डिसेंबरपासून तिथून प्रवासी विमानं उडू लागली. मुंबईच्या दुसऱ्या विमानतळासाठी जागा शोधायला केंद्राने समिती नेमली होती १९९७मध्ये. मधल्या काळात देशात विमान कंपन्या आल्या, वाढल्या, काही बुडाल्याही. मुंबईच्या धावपट्ट्या मात्र होत्या तेवढ्याच राहिल्या.

मुंबईची हवाई वाहतूक सुरू झाली जुहूला. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन तिथेच उतरले. पावसाळ्यात जुहूचं मैदान चिखलात जायचं, म्हणून त्या महिन्यांत टाटांची सेवा पुण्याला हलवावी लागे. दुसऱ्या महायुद्धानंतर नागरी वाहतूक जुहूहून सांताक्रूझच्या लष्करी तळावर गेली. ऐंशीच्या दशकात सहारचं आंतरराष्ट्रीय टर्मिनल आलं. इमारती वाढल्या, पण खाली जमीन तीच होती आणि तिच्या चहूबाजूंनी शहर चिकटत गेलं. विमानतळाच्या स्वतःच्या जमिनीवरही हजारो कुटुंबांच्या वस्त्या उभ्या राहिल्या.

सांताक्रूझला धावपट्ट्या दोन आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात. एकीवर विमान असेल तेव्हा दुसरी मोकळी ठेवावी लागते, त्यामुळे व्यवहारात काम एकाच धावपट्टीचं होतं. ८ डिसेंबर २०१८ला या रचनेवर चोवीस तासांत १,००७ विमानांची ये-जा झाली, म्हणजे सरासरी ८६ सेकंदांना एक. जगात एका धावपट्टीवर एवढं काम क्वचितच कुठे झालं असेल आणि विमानांची ये-जा सांभाळणाऱ्या हवाई वाहतूक नियंत्रण कक्षातल्या (एटीसी) माणसांचं त्याबद्दल मनापासून कौतुक करायला हवं. पण विक्रम म्हणून मिरवावी अशी ही स्थिती नव्हती. एका विमानाला उशीर झाला की मागच्यांची रांग लागते आणि वरची विमानं घिरट्या घालत इंधन जाळतात. अखेर २०२४च्या सुरुवातीला सरकारनेच गर्दीच्या वेळची मर्यादा तासाला ४६ विमानांवरून ४४वर आणायला लावली.

ही कोंडी कळायला १९९४पर्यंत मागे जावं लागतं. विमान कंपन्यांच्या राष्ट्रीयीकरणाचा १९५३चा कायदा तेव्हा रद्द झाला आणि खासगी कंपन्यांना आकाश रीतसर खुलं झालं. २००३मध्ये एअर डेक्कन आली, २००६मध्ये इंडिगो, आणि विमानप्रवास मध्यमवर्गाच्या आवाक्यात आला. विमानं विकत घेता येतात, भाड्यानेही मिळतात. मुंबईत सकाळी आठचा स्लॉट, म्हणजे विमान उतरवण्या-उडवण्याची ठरलेली वेळ, मात्र पैसे मोजूनही मिळेना. एप्रिल २०१९मध्ये जेट एअरवेज बंद पडली तेव्हा तिच्या मुंबईतल्या स्लॉटसाठी इतर कंपन्यांची जी धावपळ झाली, तिच्यातून ही टंचाई उघड दिसली. २०२३मध्ये एअर इंडियाने ४७० आणि इंडिगोने ५०० विमानांची मागणी नोंदवली, तेव्हा आपल्याकडे आकड्यांचाच गाजावाजा झाला. ही विमानं उतरणार कुठे, हा प्रश्न तेव्हाच पहिल्यांदा विचारायला हवा होता.

गुंतवणूक झालीच नाही, असं नाही. २००६मध्ये विमानतळ जीव्हीकेच्या नेतृत्वाखालील कंपनीकडे गेला आणि २०१४मध्ये टी-टू हे नवं देखणं टर्मिनल उघडलं. त्यासाठी २००९पासून प्रवाशांनी तिकिटावर विकास शुल्कही भरलं. माझ्या मते अडचण इथेच आहे. टर्मिनलमध्ये दुकानं थाटता येतात, भाडं येतं, फोटो छान निघतात. धावपट्टीला लागते विस्तीर्ण जमीन आणि तिचा निर्णय घेण्याची राजकीय तयारी. पैसा टर्मिनलवर लागला आणि गळा आवळलेलाच राहिला.

दुसऱ्या जागेसाठी आधी रेवस-मांडव्याचा विचार झाला, मग नवी मुंबई वसवणाऱ्या सिडको या सरकारी कंपनीची पनवेलजवळची जागा पुढे आली. केंद्रीय मंत्रिमंडळाने २००७मध्ये तत्त्वतः होकार दिला. पर्यावरण खात्याची मंजुरी यायला नोव्हेंबर २०१० उजाडला, कारण जागेत कांदळवनं होती, मधून उलवे नदी वाहत होती आणि विमानांच्या वाटेत उलव्याची टेकडी होती. पुढे नदी वळवली, टेकडी कापली, पाणथळ जागेवर भराव टाकला.

आणि तिथे दहा गावं होती. या पट्ट्यातल्या आगरी-कोळी शेतकऱ्यांना भूसंपादन नवं नव्हतं. नवी मुंबईसाठी गेलेल्या जमिनींवरून जानेवारी १९८४मध्ये शेतकऱ्यांचे नेते दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली आंदोलन पेटलं, गोळीबारात पाच शेतकरी हुतात्मा झाले आणि त्या लढ्यातून गेलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के इतका विकसित भूखंड शेतकऱ्याला परत देण्याचं धोरण आलं. विमानतळासाठी तोच हिस्सा साडेबावीस टक्क्यांवर गेला. विमानतळाला दिबांचं नाव द्या म्हणून जून २०२१मध्ये हजारो लोक रस्त्यावर उतरले, ते या इतिहासामुळे. कोल्ही, कोपर, चिंचपाडा, तरघर, वाघिवली ही गावं उठली, तेव्हा हा विमानतळ उभा राहिला. विलंबाचं खापर प्रकल्पग्रस्तांवर फोडणाऱ्यांनी मंजुऱ्या आणि निविदांमध्ये गेलेली वर्षंही मोजावीत.

फेब्रुवारी २०१८मध्ये पायाभरणी झाली, २०२१मध्ये दोन्ही विमानतळ अदानी समूहाकडे आले. पहिल्या टप्प्यात ३,७०० मीटरची एक धावपट्टी आणि वर्षाला दोन कोटी प्रवाशांची क्षमता तयार झाली आहे. एकट्या सांताक्रूझने २०२४-२५मध्ये सुमारे साडेपाच कोटी प्रवासी हाताळले, त्यामुळे ही दोन कोटींची भर लवकरच पुरी पडेनाशी होईल. आराखड्यात दुसरी, समांतर धावपट्टी आहे. दोन्हींमध्ये पुरेसं अंतर राखलं आहे, त्यामुळे त्या एकाच वेळी वापरता येतील. मुंबई परिसराला ही सोय आजवर कधीच मिळालेली नाही. पुढच्या टर्मिनलच्या आधी या दुसऱ्या धावपट्टीचं काम हाती घेतलं पाहिजे.