मृगजळ

तापलेल्या जमिनीवर दूर कुठेतरी पाणी साचल्याचा आभास. विदर्भात तो एप्रिल-मेच्या भर दुपारी, मेअखेरच्या नवतप्यात (सर्वाधिक उन्हाचे नऊ दिवस) तर हमखास, डांबरी रस्त्यावर आणि वखरून सपाट केलेल्या काळ्या वावरात दिसतो.

काळी जमीन ऊन शोषून घेते. तिला लागून असलेली हवा तापून विरळ होते, वरची त्यामानाने घन राहते. आकाशातून तिरपा उतरणारा प्रकाश या थरांमधून हळूहळू वळत पुन्हा वर उचलला जातो आणि डोळ्यांत शिरतो. जमिनीवर चमकते ते आकाशच असते. लांबची बाभूळ त्यात उलटी दिसते, समोरून येणाऱ्या मोटारसायकलची चाके नाहीशी होतात. नेपोलियनच्या इजिप्त मोहिमेत (१७९८) सामील झालेले फ्रेंच गणितज्ञ गास्पार मोंज यांनी याची कारणमीमांसा केली.

प्रकाश वळतो तो जेमतेम अंशाच्या काही भागाने. त्यामुळे हे पाणी ठरावीक अंतरापलीकडेच दिसते आणि आपण चालू लागलो की पुढे सरकते. वावराच्या धुऱ्यावर उकिडवे बसले की ते जवळ येते, बैलबंडीवर उभे राहिले की लांब जाते. एकदा करून पाहावेच.

याला दृष्टिभ्रम म्हणण्याची रूढी असली तरी डोळे इथे चुकत नाहीत. कॅमेऱ्यातही हे पाणी उमटते. वेदान्तात मिथ्यात्वाचा दृष्टान्त म्हणून दोरीच्या जागी भासणारा साप आणि मृगजळ दोन्ही येतात, पण दोघांत मोठा फरक आहे. दोरी ओळखली की साप जातो. मृगजळ मात्र पाणी नाही हे पक्के ठाऊक असूनही दिसतच राहते.

खोट्या आशेला मृगजळ म्हणताना हा फरक सहसा विसरला जातो आणि आशा धरणारा भोळा ठरतो. सिंचनाच्या आश्वासनांबाबत विदर्भात हा शब्द सर्रास वापरतात. वैनगंगेवरील गोसीखुर्द प्रकल्पाचे भूमिपूजन १९८८ साली झाले, मूळ अंदाज ३७२ कोटी रुपयांचा होता. खर्च पुढे हजारो कोटींवर गेला, २००९ मध्ये राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जाही मिळाला, तरी कालव्यांची कामे रेंगाळतच राहिली. इथे मृगजळाची उपमा अपुरी पडते. धरण खरे आहे, त्यात अडलेले पाणीही खरे आहे. वाट पाहणाऱ्या शेतकऱ्याच्या नजरेत काही खोट नव्हती.